पिवळ्या थराची माती

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

कुडुम. थोडी उसंत. पुन्हा कुडुम.

साठ वर्षांपूर्वीचा आवाज. दुपारी घर सामसूम झालं की आई खांबाला टेकून भाजलेली माती खायची. मी पाटीवर अक्षरं गिरवताना तो आवाज मोजायचो. वृत्तांची ओळख मला शाळेत झाली असं लोक समजतात. खरी झाली ती तिथे, आईच्या दातांत.

आई गरोदर असली की तो आवाज घरात असायचा, आणि ती बहुधा गरोदरच असायची. माझ्या पाठीवर पाच झाली. राहिलो मी एकटा. "तू भट्टीच्या आधीचा," असं म्हणून ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. आमच्या गल्लीत तेव्हा वर्षं अशीच सांगत, भट्टीच्या आधी आणि भट्टीच्या नंतर. बसवण्णाच्या तळ्याच्या वरच्या अंगाला सूत पिवळं रंगवायची भट्टी निघाली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो.

आज दुपारी तोच आवाज परसातून आला. उठून पाहतो तर सूनबाई. धुण्याच्या दगडावर पाठमोरी बसलेली.

"रुद्राणी, काय खातेस ग?"

"काय न्हाय मामा." गाल फुगलेला. मग आपणच हसली. "ईरम्मा कुंभारणीकडची माती. डोहाळे लागलेत. ह्यांना सांगू नका हं, म्हणतात, पोटात पोराऐवजी मडकी होतील."

माझ्या धोंडप्पाच्या लग्नानंतर सात वर्षांनी घरात ही बातमी. तिसरा महिना. माझी बायको पार्वतम्मा असती तर गल्लीभर सांगत फिरली असती. मी माझ्या वहीला सांगतो.

१८ फेब्रुवारी, रविवार

शिवयोगी आला होता. माझा जुना विद्यार्थी, आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. कविता पाठ करताना हमखास अडखळायचा; आज मात्र सलग बोलला.

तळं आटलंय. म्हाताऱ्या माणसांनीही त्याचा तळ कधी पाहिला नव्हता. दुष्काळी कामावर माणसं लावून गाळ उपसतायत, बैलगाड्यांनी शेतात आणि परसबागांत टाकतायत. शिवयोगीला शंका आहे की त्या गाळात धातू आहेत. जुन्या भट्टीचं पाणी तीस वर्षं तळ्यात येत होतं. किती आहेत, कोणत्या खोलीवर आहेत, हे मोजून कलेक्टर कचेरीला दाखवायचंय. तोवर कोणी ऐकणार नाही.

"गुरुजी, जुने ओढे कुठून यायचे ते तुम्हालाच ठाऊक. आणि चिठ्ठ्यांना तुमचं अक्षर पाहिजे. माझं मलाच लागत नाही."

"ते मला तिसरीपासून माहीत आहे," मी म्हणालो.

संध्याकाळी दोघं तळ्यावर गेलो. पाण्याखालच्या पायऱ्या उघड्या पडल्यात. मी बारा धरून चाललो होतो, तर एकतीस निघाल्या. शेवटच्या पायरीवर कोणाचा तरी तांब्या, हिरवा पडलेला, तोंड वर करून बसलेला, जसा कोणी आत्ताच ठेवून गेला. एवढा ओला चिखल, पण एक बेडूक नाही, एक बगळा नाही. मधोमध उभा राहून मी हाक दिली, तर प्रतिध्वनी आला नाही. चिखलानं हाक गिळली.

२ मार्च, शुक्रवार

आज तळ्याच्या पोटात नळ घातला.

मधल्या भागात चिखल अजून लोण्यासारखा आहे. दोन माणसांनी जाड प्लॅस्टिकचा नळ सावकाश दाबला, वरून बूच मारलं, उपसला, आणि काठीनं आतला गाळ फळीवर ढकलला. हातभर लांब कांडी बाहेर आली. शिवयोगी सुरी लावू देत नाही, सुरीचंच लोखंड गाळाला लागतं म्हणे. दोऱ्यानं कापायचं, कुंभारीण चाकावरचं मडकं कापते तसं.

वर वीतभर राखाडी. त्याखाली काळा. आणि त्याखाली, मी पाहतच राहिलो, चार बोटं पिवळा थर! हळदीचा. मऊ, चकचकीत, एकही खडा नाही. त्याच्या खाली पुन्हा साधी काळी माती.

"हे काय, गुरुजी?"

मला कळलं होतं. माझं बालपण होतं ते. ओढा आठवड्यातून दोनदा पिवळा वाहायचा आणि आम्ही पोरं खंडोबाचा भंडारा म्हणून कपाळाला लावायचो. ते सगळं पाणी इथे येऊन पानांसारखं एकावर एक निजलं होतं. मी थरावर बोट ठेवून त्याला सांगितलं, इथे भट्टी सुरू झाली, इथे मोठं पाणी आलं, इथे आई गेली, इथे भट्टी बंद पडली. तो भराभर लिहून घेत होता. आई गेली तेही लिहिलं.

वडील शेत घेताना माती जिभेवर ठेवून पारखायचे. तीच सवय. प्रत्येक तुकड्याचा कण मी जिभेला लावला. राखाडी खारट, काळी कडवट, पिवळी मात्र गोडसर. शिवयोगी ओरडला, "गुरुजी, थुंका आधी!" मी थुंकलो. थोडीशी.

परतताना ओळी सुचल्या. बऱ्याच वर्षांनी.

तळ्याच्या तळाशी दिवे लाविले ते
कुणी झाकले, कोण शोधील त्यांना

पुढचं जुळत नाही.

५ मार्च, सोमवार

एक विचार आला आणि लगेच अमलात आणला. ईरम्मा सध्या वरचा गाळ नेऊन भाजते. त्यात कामावरची माणसं थुंकतात, जनावरं फिरतात. माझ्या सुनेनं ते का खावं? पिवळा थर तर झाकलेला, कोणाचा पाय न लागलेला, माझ्या आईच्या काळचा. आज गाळ उपसलेल्या खड्ड्याच्या कडेनं पाटीभर काढला आणि ईरम्माच्या मडक्यांच्या आव्यावर नेला.

ईरम्मानं माती बोटानं चोळली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"मास्तर, ही कुटं घावली?"

"खाली आहे. चार बोटं."

"लई गोड हाय की! माजी सासू सांगायची, तळ्यात गोड माती हाय म्हणून. मला वाटायचं म्हातारी बरळतीया." मग एक डोळा बारीक करून, "सुनंसाठी न्हेताय व्हय? कवाधरनं एवढं लाडाचं सासरं झालासा?"

"तू भाज. टोमणे नंतर मार."

१३ मार्च, मंगळवार

रुद्राणीला पिवळी माती फार आवडली. दिवसाकाठी मूठभर जाते. मीही दुपारी एखादा तुकडा तोंडात धरतो. विरघळताना आई शेजारी बसल्यासारखं वाटतं. ईरम्मानं स्वतः जाऊन दोन गाढवं भरून आणली, नवी पेठेत टोपली घेऊन बसते. गरोदर बायका शोधत येतात म्हणे.

४ एप्रिल, बुधवार. पाडवा

दुष्काळातली गुढी. साखरेच्या गाठी यंदा करंगळीएवढ्या.

कडुनिंबाचा पाला वाटून दिला तर सगळ्यांनी तोंडं वेडीवाकडी केली. रुद्राणीनं मात्र दोन गोळ्या खाल्ल्या. "कडू कुटं हाय? मला तर गोडच लागतंय." धोंडप्पा म्हणाला, "आता हिला कारलं आणून द्या, जिलबी म्हणून खाईल." खूप हसलो. ती हसली तेव्हा तिच्या हिरड्यांवर, दातांच्या अगदी कडेला, निळी-काळी रेघ दिसली, बोरूनं ओढल्यासारखी. आईच्याही हिरड्यांवर अशीच होती. लहानपणी मला वाटायचं, आई आम्हाला न देता जांभळं खाते.

मिश्रीनं होत असेल. आईही मिश्री लावायची.

रुद्राणी मिश्री लावते का, विचारायला हवं.

२२ एप्रिल, रविवार

शिवयोगीच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. सुट्टीमुळे कॉलेज रिकामं, लांब व्हरांड्यात आमच्याच वहाणा वाजत होत्या. त्यानं गाळ सावलीत वाळवून, चाळून, आम्लात उकळून नळ्यांत ठेवलाय. एकेका नळीत औषधाचे थेंब टाकले. वरच्या गाळाची नळी तशीच राहिली. पिवळ्या थराची क्षणात जांभळी झाली. एका ओळीत नऊ नळ्या पेटल्या. मी टाळी वाजवणार होतो. त्याचा चेहरा पाहून हात खाली आला.

"हे क्रोमियम. पण माझी भीती दुसरीच आहे. शिसं. त्याची नीट मोजणी इथे होत नाही, नमुने मुंबईला पाठवलेत. गुरुजी, भट्टीत माल काय यायचा, आठवतं?"

"साखर यायची," मी म्हणालो. "पांढरी पोती. शिशाची साखर म्हणायचे कामगार. सूत आधी त्या पाण्यात बुडवायचं, मग दुसऱ्या पाण्यात, की पिवळं धमक. आम्ही पोरं पोत्याला बोट लावून चाटायचो."

त्यानं माझ्या हातची एक चिठ्ठी उचलून उजेडात धरली. मग म्हणाला, "चिठ्ठ्यांचं अक्षर हल्ली वाकडं येतंय, गुरुजी. बरं नाही का?"

मनगट दुखतं. अडुसष्टावं चालू आहे, दुखणारच.

६ मे, रविवार

रुद्राणीच्या पोटात परवापासून कळा. वैद्यांनी बद्धकोष्ठ सांगितलं, एरंडेल दिलं. माझंही पोट तसंच. उन्हाळा. पाणी एक दिवसाआड.

ती पांढरी पडलीय. तिला मी म्हटलं, थोडे दिवस माती बंद कर. म्हणाली, "मामा, तेवढीच तर पोटात टिकतीया."

३ जून, रविवार

रुद्राणी बाळंतपणाला माहेरी, मंद्रूपला गेली. भाऊ न्यायला आला होता. सातवा लागला. जाताना माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "तितं अशी माती मिळायची न्हाय." मी आधीच तयारी ठेवली होती. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, गच्च भरून, झाकणाला मेण लावून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यानं सुनेला दिलेली भेट असावी तर अशी, असं मनात आलं. खोटं कशाला लिहू, स्वतःचा अभिमान वाटला.

२० जून, बुधवार

मुंबईचा कागद आला. शिवयोगी तो घेऊन उन्हातान्हाचा आला, पाणीही न पिता वाचून दाखवू लागला. वरच्या गाळात दहा लाख भागांत तीस भाग शिसं. खालच्या जुन्या मातीत वीस. पिवळ्या थरात चार हजार दोनशे.

"शेतात गेलेला बहुतेक गाळ वरचाच आहे, त्यातल्या त्यात बरं," तो म्हणाला. "पिवळ्यापर्यंत खणणं उद्यापासून थांबवतो. तो पोटात गेला तर वाईट. रक्त आटून माणूस पांढरा पडतो, पोटात कळा येतात, मनगटं लुळी पडतात. हिरड्यांवर निळी रेघ येते. आणि पोटातलं मूल..." तो थांबला. "सुदैवानं तिथवर कोण जातंय म्हणा."

मी उपरण्यानं ओठ पुसले.

"गुरुजी, तोंड उघडा जरा."

"दात दुखतोय," मी म्हणालो आणि तोंड मिटून घेतलं. तो माझ्याकडे पाहत राहिला. चाळीस वर्षं मी पोरांना खरं बोला म्हणून फळ्यावर सुविचार लिहिले.

तो गेल्यावर आरशासमोर उभा राहिलो. आहे. बोरूनं ओढल्यासारखी.

२१ जून, गुरुवार

ही वही सुरुवातीपासून वाचली. 'तू भट्टीच्या आधीचा.' मीच लिहिलंय. साठ वर्षं हे वाक्य माझ्याजवळ होतं आणि मी ते कुरवाळत बसलो. माझ्या पाठची पाच जण. शिवम्मा तर वर्षाची होऊन गेली, मान कधी धरलीच नाही.

ईरम्माकडे गेलो. सांगितलं. तिचा विश्वास बसेना.

"मास्तर, मातीनं कुटं माणूस मरतंय व्हय? मातीनंच बनल्यात की समदे."

"ईरम्मा, किती जणींनी नेली?"

ती बोटं मोजू लागली. दोन्ही हातांची संपली तेव्हा खाली बसली. जराशानं उठली, टोपली आव्याच्या राखेत उलटी केली आणि डोक्यावर पदर घेतला. "घरं ठावं हायेत मला समद्यांची. चालत जाते." म्हातारी बाई, न लिहिता-वाचता येणारी, ताबडतोब निघाली. मी घरी येऊन कार्ड लिहायला बसलो.

कार्ड सगळेच वाचतात. पोस्टमन, तिचा भाऊ, शेजारी. 'मी तुला विष दिलं' हे कार्डावर कसं लिहायचं? चार कार्डं फाडली. पाचव्यावर लिहिलं: 'चि. सौ. रुद्राणीस अनेक आशीर्वाद. डब्यातील माती आता शिळी झाली असावी, तरी ती खाऊ नये. प्रकृतीस जपावे. बाकी सर्व क्षेम.'

टपालात टाकलं. सुबक वाक्य आहे. यमकाची तेवढी कमी.

२५ जून, सोमवार

उत्तर नाही. आज स्वतः मंद्रूपला जायचं ठरवलं, एसटी स्टँडपर्यंत गेलोही. पोटात अशी कळ आली की बाकावर आडवा झालो. खरं सांगायचं तर कळ थांबल्यावरही गाडी उभी होती. मी तिला जाऊ दिलं.

व्याह्यांसमोर काय तोंड दाखवू?

२८ जून, गुरुवार

परवा मातीच्या बैलांची अमावास्या. दुपारी गल्लीतली पोरं ओल्या गाळाचे बैल ओट्यांवर वाळत घालत होती. एकेक बैल उचलून पाहिला. राखाडी, राखाडी, राखाडी. आमच्या ओट्यावरचा मात्र पिवळा. पलीकडच्या पोरीनं मोठ्या प्रेमानं सांगितलं, "गुरुजी, हा तुमच्या बाळासाठी." त्याला डोळे लावायचे राहिले होते. बिनडोळ्यांचा बैल माझ्याकडे मान वळवून उभा. तिचे हात राखेनं घासून धुतले, बैल फडक्यात बांधून ठेवला, आणि धोंडप्पा गिरणीतून येईपर्यंत दारातच बसून राहिलो.

त्याला सगळं सांगितलं. पादत्राणंही न काढता तो ऐकत होता.

"कार्ड टाकलंत?"

"हो."

"काय लिहिलंत?"

मी सांगितलं. शब्दशः.

"शिळी झाली असावी," तो हळूच म्हणाला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आप्पा, शिळी काय ती भाकरी होती?"

उद्या पहिल्या गाडीनं जातो म्हणाला. जेवला नाही.

२९ जून, शुक्रवार

सरकारी दवाखान्याच्या बाकावर लिहितो आहे. वही काखेत तशीच राहिली होती. आत काय चाललंय ते कोणी सांगत नाही, म्हणून दुपारचंच लिहितो. मनगट वळत नाही, अक्षर लागेल तसं लागो.

धोंडप्पा पहाटे गेला. मी दार लोटून बसलो होतो. मनात भाषण जुळवत होतो, तिला घेऊन आला की काय बोलायचं त्याचं. बाराच्या सुमारास बाहेर टांगा थांबला, कडी वाजली. धोंडू इतक्या लवकर कसा?

दार उघडलं. उंबऱ्याबाहेर रुद्राणी. एकटी. चेहरा चुन्यासारखा, ओठ हसणारे. डबा काखेत दाबून धरलेला, कारण हाताची बोटं वळत नव्हती.

"तू? धोंडू तुला आणायला गेलाय..."

"व्हय? वाटंत चुकामूक झाली मग. आमच्या गावची बैलगाडी येत हुती, नाक्यापतुर तिच्यातनं आले, तितनं टांगा केला. भाऊ नगं म्हणत हुता." धाप लागत होती. तिनं डबा पुढे केला. हलका होता. "तुमचं कार्ड घावलं मामा. शिळी झाली म्हणून लिवलंत. मग म्हटलं, दुष्काळात टाकायची कशाला, पाच-सा दिसांत संपवून टाकली समदी. आता ताजी द्या."

मी झाकण उघडलं. तळाशी नुसती पिवळी धूळ.

"असं काय बघताय? बरी हाय मी. बाळ पण लई शहाणं झालंय. आदी रातभर लाथा मारायचं, आता दोन दिस झाले, गप निजलंय."

तिच्यामागे टांगेवाला घोडा वळवत होता. मी अनवाणी रस्त्यावर धावलो आणि दोन्ही हातांनी घोड्याचा लगाम धरला.